जुळ्यातली करडं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संचालक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, शेळीशाळेतील सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मामांच्या घरच्या मंडळींनो,

मामा एकतीस वर्षं आपल्या शेळीशाळेचे मुकादम होते. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. मला भाषणाची सवय नाही, म्हणून जे घडलं तेच सांगते.

दरवर्षी तीन महिन्यांची करडं तोलून कोणती मादी पैदाशीला ठेवायची आणि कोणती मांसासाठी विकायची, ते ठरतं. ती यादी मी करते. मी रुजू झाले त्या वर्षी तेरा किलोंच्या खालचं प्रत्येक करडू मी विक्रीत घातलं. मामा एक करडू काखेत घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, ही जुळ्यातली आहे. अर्ध्या दुधावर बारा किलो भरलीय. एकट्याने पिणाऱ्याशी हिची बरोबरी कशी लावता?"

"मामा, काटा खोटं बोलत नाही."

"काटा बिचारा कशाला बोलेल? त्याला नीट विचारलं का, ते सांगा."

मी हसले. करडू विक्रीत गेलं.

जुळ्यांच्या वजनात भर घालून मगच तुलना करायची, हे मला शिकवलं होतं. पण कोण जुळ्यातलं, याची नोंद मामांच्या वहीत होती. अक्षर किरटं, पानांना लेंड्यांचा वास. माझ्या यादीतला जुळ्यांचा रकाना मी रिकामाच ठेवला. चार वर्षं.

याचा अर्थ सभागृहातल्या बाहेरच्या मंडळींसाठी सांगते. ज्या शेळ्यांना जुळी होत, त्यांच्याच लेकी मी कापायला पाठवत होते. पूर्वी शंभरांत चाळीस शेळ्यांना जुळी होत. गेल्या वर्षी एकोणीस. चौकशी झाली. अहवालात आलं, "मुकादमाची चाऱ्याबाबत हयगय." म्हणून आजचा हा निरोप समारंभ मुदतीच्या दोन वर्षं आधी होतो आहे.

मी मामांना विचारलं, "तुम्ही समितीला सांगितलं का नाही?"

"मला बोलावलंच नाही, मॅडम. तुम्हाला बोलावलं होतं."

खरं आहे. मला चाऱ्याबद्दल विचारलं, मी चाऱ्याबद्दलच उत्तर दिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं.

काल सकाळी मामांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली. रात्र जागावी लागली नाही, कार्यालयाच्या वेळेतच बसून मी सगळ्या नोंदी संगणकावर चढवल्या. विकलेल्यांपैकी एकशे बारा माद्या ठेवण्याजोग्या होत्या. त्यांत पहिली नोंद त्या काखेतल्या करडाची. मामांनी तिचं नावही लिहून ठेवलं होतं. ते इथे वाचणं मला जमणार नाही.

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोरच्या पुष्पगुच्छाखाली एक लिफाफा आहे. त्यात माझा लेखी जबाब आहे. अहवालातली ओळ बदलावी आणि तिथे माझं नाव घालावं, अशी विनंती आहे. मामांची दोन वर्षं त्यांना परत द्यायची की नाही, ते आपल्या हाती आहे. करडं कुणाच्याच हाती नाहीत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. मामा, तुम्ही मात्र घालू नका.