दोन रात्री, आतून कडी

...अहो नाही, नाही, नाही! ते पत्रक आधी घडी करून खिशात घाला बरं. हो, तुम्हीच, चष्मेवाले! मघापासून बघतोय, लिफ्टची वाट बघता बघता ते चकचकीत पत्रक उलटंसुलटं करून वाचताय, आणि तोंडावर असं हसू, की बस्स... ते हसू माझ्या ओळखीचं आहे हो, माझ्याही तोंडावर होतं! हॉटेलचं क्रेडिट कार्ड ना? कार्ड घ्या, तीन महिन्यांत अमुक इतका खर्च करा, की दोन रात्री हॉटेलात मुक्काम फुकट? तेच! तेच ते! थांबा, तोंडातला स्क्रू काढतो... हां. तुमच्या लिफ्टची काळजी सोडा, ती माझ्या हातात आहे, दोन वायरी बघायच्यात फक्त, तोवर ऐका. आजी, तुम्ही टेका त्या पायरीवर, पिशवी ठेवा खाली. तर तुम्हाला सांगतो, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या कार्डात मी असा अडकलो, असा अडकलो, की मला काढायला कोणी म्हणजे कोणी आलं नाही. आणि अडकलो कशापायी? फुकट होतं हो... फुकट!

आता तुम्ही म्हणाल, लिफ्टवाल्याला हॉटेल कशाला हवं? मला नकोच होतं! हवं होतं आमच्या हिला. आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे आई, पलीकडे पोरं, आणि दारात आडवा माझा मेहुणा, हिचा सख्खा भाऊ, चार दिवसांसाठी म्हणून आला त्याला आता चार वर्षं होतील, आणि अजून विचारतो, "भावजी, माझ्यामुळे अडचण नाही ना होत?" अहो, त्याला ओलांडूनच कामाला जातो मी रोज! अख्ख्या घरात आतून कडी लागेल असं दार एकच, न्हाणीघराचं. तिथेही हिनं कडी लावायचा अवकाश, की बाहेरून सुरू... "आई, माझा मोजा कुठाय?" "सूनबाई, दूध उतू जातंय गं!" "ताई, झालं का तुझं?" अहो, ती बिचारी डोक्यावर तांब्या ओतता ओतता मोज्याचा पत्ता सांगते!

तर त्या दिवशी बाजारात बँकेचं टेबल मांडलेलं. टेबलामागे एक गोड आवाजाची मुलगी. "काका, फक्त दोन मिनिटं!" आणि पत्रकावर हॉटेलच्या खोलीचा फोटो. केवढा पलंग, केवढी खिडकी, पडदे काय, दिवे काय... आमच्या हिनं त्यातलं काही बघितलं नाही. तिनं बोट ठेवलं दारावर. म्हणाली, "अहो, याला आतून कडी आहे." बास, एवढंच. लग्न झाल्यापासून या बाईनं माझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, आणि मागितलं काय, तर कडी! मी म्हटलं, कुठे करायची सही?

सही केली आणि घरी येऊन मग हिशेबाला बसलो. हिशेब आधी करतात म्हणे! म्हणजे बघा, कार्डाची वर्षाची फी एकीकडे, दोन रात्रींचं भाडं दुसरीकडे, वजाबाकी केली तर फायदाच फायदा. फक्त मधे एक बारीक ओळ होती, तो तीन महिन्यांतला खर्च. अहो, तेवढा खर्च आम्ही करतो कुठे? आमच्या घरी साबणाच्या चिपा नव्या साबणाला चिकटवतात! महिना गेला, आणि कार्डावर काय, तर पोरांची दप्तरं आणि एक कुकर. दुसरा महिना निम्मा गेला. ही काही बोलायची नाही, फक्त कपाटाच्या आतल्या बाजूला तिनं तो फोटो चिकटवला होता, आणि साडी काढायच्या निमित्तानं कपाट उघडून उभी राहायची. तुम्हाला सांगतो, बायको बोलली तर माणूस तोंड देतो, पण अशी गप्प उभी राहिली ना, की मग नको ते सुचतं. मला सुचलं. मी म्हटलं, आपला खर्च नाही ना, मग दुसऱ्याचा करू! ज्याला काही घ्यायचंय त्यानं आपल्या कार्डावर घ्यावं आणि पैसे आपल्या हातात द्यावेत. काय डोकं, नाही? अहो, लिफ्टमध्ये जास्त माणसं घेऊ नका म्हणून जन्मभर पाटी लावत आलो, आणि स्वतःच्या कार्डात मात्र सगळ्यांना ये म्हटलं!

बहिणीला फ्रीज हवा होता, तिनं फ्रीज घेतला. आईची कवळी बरेच दिवस खटखटत होती, तिची नवी कवळी झाली. मेहुण्यानं पोट कमी करायला चालायचं मशीन घेतलं, घरातल्या घरात चालायचं, त्याच्यावर आजतागायत फक्त टॉवेल वाळतात. आणि खर्च झाला की हो पुरा! शेवटच्या आठवड्यात झाला. मोबाइलवर निरोप आला, अभिनंदन, दोन रात्री आपल्या! मी हिच्याकडे बघितलं, ही माझ्याकडे, आणि तेवढ्यात आई म्हणाली, "कधी जायचंय आपण?"

आपण! ऐकलंत? आपण! मी म्हटलं, आई, ते दोघांसाठी आहे. आई म्हणाली, "असेल. पण माझे दात आहेत त्या कार्डात." बहिणीला फोन गेला, ती तिकडून, "दादा, सगळ्यात मोठी रक्कम तर माझ्या फ्रीजची! फ्रीज नसता तर तुला मिळाल्या असत्या का रे रात्री?" आणि मेहुणा आडवा पडल्या पडल्या, "भावजी, मी काही हिस्सा मागत नाही हं. पण मशीनचा विचार व्हावा." त्यानं मशीनचे पैसेसुद्धा दिले नव्हते अजून! पण फुकट होतं ना... आणि फुकटात सगळ्यांचा वाटा असतो.

तरी मी हार मानली नाही बरं का. मी म्हटलं, लांब जाऊ! समुद्राकाठी, डोंगरात, जिथे यांना भाडं परवडायचं नाही. लावला फोन. आधी अर्धा तास ते संगीत, मग एक बाई, "सर, त्या तारखांना समुद्राकाठी फुकट रात्र चालत नाही." मग डोंगरात? "सर, डोंगरात सीझन आहे." मग सीझन संपल्यावर? "सर, तेव्हा तुमच्या रात्रींची मुदत संपलेली असेल." मग मी करू काय, बाई? "एक मिनिट हं सर... एक हॉटेल आहे सर, तिथे आहे खोली! लकी आहात सर!" आणि नाव सांगितलं. अहो, आमच्या घरापासून चालत जाता येईल असं हॉटेल! दर महिन्याला मीच तिथली लिफ्ट बघायला जातो! मागच्या दारानं, हातात हत्यारांची पेटी घेऊन.

गेलो. नवे कपडे घालून, पुढच्या दारानं गेलो. दारावरचा वॉचमन मला बघून ताडकन उभा, "काय हो, परत बंद पडली?" ही तोंडाला पदर लावून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मीही हसलो. वर गेलो. खोली... काय सांगू! फोटोतल्यासारखीच. हिनं पलंगाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ दाराशी गेली आणि कडी लावली. परत काढली. परत लावली. मग दाराला पाठ टेकून नुसती उभी राहिली, डोळे मिटून. मी म्हटलं, चहा मागवू? तर बोट ओठांवर. "शूऽऽ... ऐका. कोणी हाक मारत नाहीये."

आणि दारावर थाप! "दादाऽ, उघड, आम्ही नुसते बघायला आलोय!"

नुसते बघायला. आई, बहीण, मेहुणा, आमची पोरं, सगळे. आई म्हणाली, "जरा टेकते," आणि पलंगाच्या मधोमध जी टेकली ती घोरायलाच लागली. नवी कवळी काढून माझ्या ग्लासात! बहीण न्हाणीघरात शिरली, गरम पाणी बघून तिला उमाळाच आला, सगळे टॉवेल संपवून बाहेर आली. मेहुण्यानं ते छोटं कपाट उघडलं, त्यात बाटल्या, चॉकलेटं, बदाम... "भावजी, हे फुकट ना?" मी अरे थांब म्हणेपर्यंत फोडलंन! तेवढं सोडून सगळं फुकट होतं हो त्या खोलीत, आणि यानं नेमकं तेच खाल्लं! खालून फोन, "सर, खोली दोघांची आहे." आईनं झोपेतून उठून रिसीव्हर माझ्या हातातून घेतला, "आम्ही राहत नाही हो, बसलोय." दोन्ही रात्री बसले! कडी लावायची सोय नव्हती, कारण दारात मेहुणा आडवा. आमची ही खुर्चीत बसून पोरांना थोपटत होती, आणि मी त्या मोठ्या खिडकीत उभा राहून बाहेर बघत होतो. आमचं घर दिसत होतं हो तिथून! रिकामं! एक माणूस नाही घरात! अख्खं घर मोकळं, आणि आम्ही सगळे इथे एका खोलीत... मला रडावं का हसावं कळेना. फुकट होतं ना!

शेवटच्या दिवशी सकाळी ही म्हणाली, "खाली जाऊन टॉवेल मागून आणू या." चेहरा असा उतरलेला, की मला बघवेना. लिफ्टमध्ये शिरलो दोघं. दार लागलं. लिफ्ट निघाली, आणि दोन मजल्यांच्या मधे कचकन थांबली. मी सवयीनं वर बघितलं, काय बिघडलं? मग बघतो तर हिचं बोट... लाल बटणावर! मी म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, हे दाबलं की कोणी उघडू शकत नाही म्हणून?" आणि चपला काढून खाली बसली की हो, मलाही खाली ओढून, माझ्या खांद्याला डोकं लावून! वरच्या जाळीतून खालच्या काउंटरवरच्या मुलीचा आवाज, "सर, मॅडम, घाबरू नका, आम्ही मेकॅनिकला कळवतोय!" आणि माझ्या खिशात फोन वाजला. आमचे साहेब! "अरे, रजेवर आहेस माहितीय, पण हॉटेलची लिफ्ट अडकलीय, आत दोन माणसं आहेत, किती वेळात पोचशील?" मी म्हटलं, "पोचलोय, साहेब." ते खूश! म्हणाले, "शाब्बास! काम केवढं आहे?" मी हिच्याकडे बघितलं. ही डोळे न उघडता मान हलवते, नाही म्हणून. मी म्हटलं, "साहेब... काम मोठं आहे. वेळ लागेल."

तासभर लावला. झोपली हो ती! शांत झोपली, तोंड किंचित उघडं टाकून, लग्नाच्या पहिल्या वर्षी झोपायची तशी. माझा खांदा बधिर झाला, पण मी हललो नाही. बाहेरून मेहुण्याचा आवाज यायचा, "भावजी, आत जागा आहे का?"

तर आता तुम्ही विचारताय, चष्मेवाले, कार्ड फायद्याचं आहे का? अहो, फी भरली, बदामांचं बिल भरलं, मेहुण्याच्या मशीनचे हप्ते अजून फेडतोय, खोली घरच्यांनी उपभोगली, आणि आम्हा दोघांना मिळाली काय, तर लिफ्ट! आणि लिफ्ट तर मला आधीपासूनच फुकट होती! हे मी हिलाही सांगितलं. तर म्हणाली, "हो का? मग उद्या कुठे आहे तुमचं काम?"

म्हणून हल्ली माझा डबा ही स्वतः घेऊन येते. कार्ड मात्र बंद नाही झालं हं, या वर्षाचीही फी गेली. बंद करायला फोन लावला की ते संगीत लागतं, आणि तेवढ्यात आई आतून ओरडते, "अरे, बंद कसं करतोस? माझे दात आहेत त्यात!"

...काय म्हणालात? लिफ्टचं काय झालं? लिफ्ट होय... ती केव्हाच चालू झालीय हो. मेहुण्याच्या मशीनची गोष्ट सांगत होतो ना, तेव्हाच! आजी, चला, तुम्हाला आधी वर सोडतो, या, पिशवी द्या इकडे. पण बाकीच्यांनी जरा सांभाळून घ्या. ती बघा, फाटकातून डबा घेऊन आलीच ही. आता ही लिफ्ट बंद पडणार, दोन मजल्यांच्या मधे, काम मोठं आहे... तुम्ही तेवढं जिन्यानं जा. जा हो, रागावू नका! फुकट आहे हो जिना... फुकट!