लिडिया मॅडमचं ‘नाही’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक माननीय जॅक्सन सर, सांडोरहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या यमुनाकाकू, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती लिडिया मॅडम, त्यांना कधी एकदा गिरीजच्या वाडीत घेऊन जातो असं झालेले त्यांचे यजमान बॅप्टिस्ट अंकल, आणि बिर्याणीच्या वासाने अस्वस्थ झालेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी सुरुची. मॅडमनी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये चुका शोधणं हे माझं काम. किती सापडल्या, ते कृपया विचारू नका!

काकू, ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूच्या वतीने बोलणारा प्रोग्रॅम. झोपलेल्या कॉम्प्युटरला ही वस्तू उठवू शकते का, हेही तोच कळवतो. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायचं, दाबलं की कॉम्प्युटरकरवी घरच्यांना फोन लावणारं बटण आपण बनवलं, तेव्हा मॅडमच्या ड्रायव्हरने काय कळवलं? ‘नाही.’ कॉम्प्युटर झोपला की बटणाची वीजच जायची, मग ते उठवणार कसं?

इकडे माल तर दुसऱ्या दिवशी जायचा होता. सर लाडीगोडीने म्हणाले, “मॅडम, तेवढं ‘हो’ करून टाका ना. गिऱ्हाइकाला ‘नाही’ आवडत नाही.”

मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. “जॅक्सन, त्या खाटेवर तुझी आई असती तर काय लिहायला सांगितलं असतंस?”

माल थांबला. सरांचा चेहरा तेव्हा असा काही उतरला होता... सर, हसू नका, माझ्याकडे फोटो आहे! बटण नव्याने बनवलं, झोपेतही त्याला वीज मिळेल असं. तेव्हा कुठे मॅडमचा ड्रायव्हर ‘हो’ म्हणाला.

पुढे एका दुपारी यमुनाकाकूंच्या छातीत कळ आली. घरात कोणी नाही, कॉम्प्युटर झोपलेला. काकूंनी बटण दाबलं. तो उठला आणि मळ्यात भाजी काढणाऱ्या त्यांच्या सुनेचा, विनीवहिनींचा फोन वाजला. काकू, आत्ता माझं भाषण लांबलं म्हणून तुम्ही जांभया देताय ना? त्या बघून मला काय बरं वाटतंय म्हणून सांगू!

काल मी विचारलं, “मॅडम, अडलो तर फोन करू ना?” म्हणाल्या, “बटणाचं असेल तर कधीही उठव. जॅक्सनचं असेल तर मात्र माझं जेवण झाल्यावर.”

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. थट्टेच्या भरात कोणाला जास्त बोलले असेन तर पोटात घाला. पण मॅडम, तुम्ही जाऊ नये असं वाटतंय, ही थट्टा नाही.