नवा सर्व्हर, जुनी आत्या

लोसालिने : आणि शुक्रवारी मी तुला काय विचारलं होतं? नीट आठवून सांग.

सेमिसी : तुम्ही विचारलंत, आत्या, की मी शनिवारी दवाखान्याचा सर्व्हर नवा केल्यावर तुमचा बॅकअपचा प्रोग्राम चालेल ना.

लोसालिने : आणि तू काय म्हणालास?

सेमिसी : मी म्हटलं, हो आत्या.

लोसालिने : मग हे समोर काय आलंय? वाच. मोठ्यानं वाच.

सेमिसी : ‘सर्व्हर माझ्यापेक्षा नव्या व्हर्जनचा आहे. बॅकअप घेता येणार नाही. थांबत आहे.’

लोसालिने : थांबत आहे! अकरा वर्षं, रविवार सोडून, रोज सकाळी देवाचं नाव घेऊन मी या प्रोग्रामनं बॅकअप काढतेय. आजारपणात चुकले नाही, आई गेली तेव्हा चुकले नाही. आणि आज वादळ अंगणात येऊन उभं राहिलंय तर हा थांबतोय. दुपारी वीज कापणार आहेत, माहीत आहे ना?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : त्याच्या आत सगळ्या पेशंटांची माहिती, लोक आसऱ्याला जाणार त्या टेकडीवरच्या कॉलेजात पोचायला हवी, हेही माहीत आहे?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : मागच्या वादळात काय झालं ते आठवतं? समुद्र या खोलीत कमरेइतका आला. कागद गेले, यंत्र गेलं, त्याच्याशेजारी ठेवलेले बॅकअपही गेले. नंतर मी आणि दोन नर्स वाव्हाऊ बेटभर दारोदार फिरत होतो. ‘आजी, तुम्ही कुठली गोळी घेता?’ तर आजी म्हणायची, ‘पांढरी.’ अरे, जगातल्या सगळ्या गोळ्या पांढऱ्या!

सेमिसी : आमच्या शेजारचे आजोबा गुलाबी म्हणाले होते, आत्या.

लोसालिने : ती पेपरमिंट निघाली. आणि इन्शुलिनवाल्या लुसियाला शोधेपर्यंत दोन दिवस गेले. ती वाचली ती देवाची कृपा, आपली हुशारी नव्हे. मी तेव्हा शब्द दिलाय, पुन्हा कुणाला ‘तुझी गोळी कुठली’ असं विचारायची पाळी येऊ देणार नाही. म्हणून सरळ बोल. प्रार्थनेचा आठवडा आहे, पहाटेपासून पोटात पाणीसुद्धा नाही माझ्या. शुक्रवारी तू खोटं का बोललास?

सेमिसी : खोटं नाही, आत्या. तुम्ही बाबांच्या थोरल्या बहीण, आपल्या रीतीनं घराण्यात सगळ्यांच्या वर. तुम्ही ‘चालेल ना?’ असं विचारल्यावर मी काय म्हणणार?

लोसालिने : ‘चालणार नाही’ म्हणायचं!

सेमिसी : तुम्हाला?

लोसालिने : म्हणजे तुला मला ‘नाही’ म्हणताच येत नाही?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : हो म्हणजे येतं, का हो म्हणजे येत नाही?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : परमेश्वरा, मला धीर दे.

फिनाऊ : सेमिसी! ए सेमिसी! तुझ्या आत्यांना सांग, ट्रक तयार आहे. बंदराकडचा रस्ता पाण्याखाली जायच्या आत वर जायला हवं.

लोसालिने : सेमिसी, तुझ्या बापाला सांग, मला ऐकू येतं. आणि खिडकीबाहेर भिजत उभं राहू नको म्हणावं, व्हरांड्यात ये.

सेमिसी : बाबा, आत्या म्हणतात...

फिनाऊ : ऐकलं. त्यांना सांग, त्या आत बसल्यात, मी व्हरांड्यात कसा येऊ? व्हरांडा त्याच छपराखाली आहे. इथेच बरा आहे मी. आंब्याचं झाड आहे वर.

सेमिसी : आत्या, बाबा म्हणतात...

लोसालिने : ऐकलं. लहानपणापासून जुनी रीत अशीच पाळतो तो. बहीण असलेल्या छपराखाली भाऊ येणार नाही, तिच्याशी थेट बोलणार नाही, मग निमोनिया झाला तरी चालेल. असू दे. आता मला सांग, आपण काय करायचं?

सेमिसी : ...

लोसालिने : अच्छा. असा प्रश्न तुझ्या ‘हो’त बसत नाही. ठीक आहे. आता मीच असं विचारते की तू हो म्हणालास तरी खरं निघेल. माझा प्रोग्राम म्हातारा झालाय?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : फार?

सेमिसी : हो आत्या!

लोसालिने : इतक्या उत्साहानं नको. सर्व्हर परत जुना करता येईल, वीज जायच्या आत?

सेमिसी : ...

लोसालिने : गप्प बसलास म्हणजे येणार नाही.

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : बघ, जमायला लागलं आपलं. मग या नव्या सर्व्हरशी बोलणारा नवा प्रोग्राम असतो?

सेमिसी : हो आत्या. सर्व्हरबरोबरच येतो.

लोसालिने : तो तुझ्याकडे आहे?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : घरी?

सेमिसी : ...

लोसालिने : इथे? या इमारतीत? सेमिसी, तुझा हात खिशात का गेला? खिशात आहे?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : कधीपासून?

फिनाऊ : सेमिसी, आत्यांना सांग, शनिवारपासून! शनिवारी रात्री जेवताना मला दाखवत होता, एवढासा पेनड्राइव्ह. म्हणाला, बाबा, हा आत्यांना कसा देऊ?

लोसालिने : शनिवारपासून तू तो खिशात घेऊन फिरतोयस? आणि मी सकाळपासून इथे गुडघे टेकून सर्व्हरसाठी प्रार्थना करतेय?

सेमिसी : देणारच होतो, आत्या. पण तुमच्या हातात नवा प्रोग्राम ठेवायचा म्हणजे तोंडावर सांगायचं की तुमचा आता चालत नाही. माझ्याच्यानं होईना. काल चर्चच्या दारात देणार होतो. पण रविवारी कामाची वस्तू कशी द्यायची?

लोसालिने : ते मात्र बरोबर केलंस. दे इकडे. घाल माझ्या कॉम्प्युटरला.

सेमिसी : घालतो, पण...

लोसालिने : पण काय?

सेमिसी : घालतो, आत्या.

लोसालिने : काय म्हणतोय तो?

सेमिसी : तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय, हा प्रोग्राम माझ्यावर बसणार नाही.

लोसालिने : बघ, तो कसा तोंडावर सांगतो! लोखंडाचं खोकं तुझ्यापेक्षा धीट आहे. आणि तुला हे आधीच माहीत होतं?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : आणि तरी घातलास.

सेमिसी : तुम्ही ‘घाल’ म्हणालात.

लोसालिने : मला एक समजावून सांग. माझा प्रोग्राम आणि तुझा सर्व्हर, दोघं एकाच घराण्यातले. दोघांचं नाव एक. मग बोलायला काय होतं त्यांना?

सेमिसी : नवा प्रोग्राम जुन्या सर्व्हरशी बोलतो, आत्या. जुन्या रीती त्याला शिकवलेल्या असतात. पण जुन्या प्रोग्रामनं नव्या रीती पाहिलेल्याच नसतात. तो बॅकअप घ्यायला गेला, तर जे कळणार नाही ते सोडून देईल, नाहीतर भलतंच लिहून घेईल. पेशंटचं नाव आलं आणि गोळी राहिली, असं व्हायचं. म्हणून तो आधीच सांगतो, हे माझ्यानं होणार नाही.

लोसालिने : म्हणजे खोटी प्रत देण्यापेक्षा तो नकार देतो.

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : मग मी उगाच त्याला शिव्या घातल्या. बरं, तुझ्या लॅपटॉपवर हा नवा चालतो?

सेमिसी : हो आत्या.

लोसालिने : मग काढ बाहेर. टेबलावर ठेव. ये, माझ्या खुर्चीत बस.

सेमिसी : तुमच्या खुर्चीत? नको, आत्या. मी खाली चटईवरच बरा आहे.

लोसालिने : सकाळपासून जमिनीवर बसलायस, मी वर, तू खाली. मला तुझा पडदा दिसणार कसा?

सेमिसी : मी वाचून दाखवतो.

लोसालिने : तुझ्या वाचण्यावर माझा आता भरवसा नाही. थांब, मीच खाली येते. सरक जरा. हां. माझे गुडघे! आता आणखी खाली सरकू नकोस, खाली फक्त फरशी आहे.

सेमिसी : आत्या, तुम्ही जमिनीवर बसलात हे बाबांनी पाहिलं तर...

फिनाऊ : सेमिसी, मी काही पाहत नाहीये. मी समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

लोसालिने : गपा दोघंही. डोळे मीट. प्रभो, ही माणसं तुझी, यांची दुखणी तुला ठाऊक आहेत, आम्हाला ती फक्त लिहून ठेवायची आहेत. या पोराच्या यंत्राला आणि त्याच्या जिभेला बळ दे. आमेन. दाब.

सेमिसी : आमेन. दाबलं. चाललाय, आत्या. नावं गेली. भेटी गेल्या. औषधं जाताहेत.

लोसालिने : हळू का झाला?

सेमिसी : इथे औषधं खूप आहेत.

लोसालिने : सगळं बेट साखरेनं पोखरलंय, असणारच. झालं?

सेमिसी : झालं! पूर्ण झालं म्हणतोय.

लोसालिने : म्हणतोय ते ऐकलं. उघडून दाखव. बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही. लुसियाचं नाव काढ.

सेमिसी : लुसिया. इन्शुलिन, सकाळ-संध्याकाळ. सोबत रक्तदाबाची अर्धी गोळी.

लोसालिने : अर्धी. बरोबर. आता त्या कानात यंत्र घालणाऱ्या मास्तरांचं.

सेमिसी : हेही आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मोठ्यानं बोलावे.’

लोसालिने : देवा, तुझे उपकार. आता ही प्रत डिस्कवर घाल. ट्रकमधून कॉलेजात जाऊ दे. तिथल्या यंत्रात उघडतील लोक, नर्स तिथेच बसणार आहेत. कॉलेजच्या यंत्रात उघडेल ना ही?

सेमिसी : ...

लोसालिने : सेमिसी. कॉलेजच्या यंत्रात ही प्रत उघडेल ना?

सेमिसी : आत्या...

लोसालिने : माझ्याकडे बघ. मी पुन्हा विचारते, आणि आता प्रश्न फिरवणार नाही. उघडेल?

सेमिसी : नाही.

लोसालिने : काय म्हणालास?

सेमिसी : नाही, आत्या. नाही उघडणार. तिथे जुनाच सर्व्हर आहे. नव्यातून काढलेलं जुन्यात परत जात नाही. तुम्ही शुक्रवारी विचारलंत तेव्हाही नाही होतं, आजही नाही आहे. मला माफ करा. नाही.

फिनाऊ : अरे देवा.

लोसालिने : एकदा सुटल्यावर तीन-तीनदा म्हणायची गरज नव्हती.

सेमिसी : रागावलात, आत्या?

लोसालिने : रागावले असते, वेळ असता तर. तुझी आजी असती तर तुला अंगणात उभं केलं असतं. आणि मग पाठ फिरवून हसली असती. बोल आता, भीती गेलीच आहे तर. काय करायचं?

सेमिसी : नुसती डिस्क पाठवून भागणार नाही. हा लॅपटॉपच वर न्यायचा. यात नवा सर्व्हरही आहे, प्रतही आहे. वादळ सरेपर्यंत मी त्याच्याजवळ बसतो. नर्सनं नाव सांगितलं की मी काढून देईन. कॉलेजात बॅटरी आहे, दोन दिवस पुरेल.

लोसालिने : आणि तुमची होडी? ती बांधायला बापाला कोण मदत करणार?

सेमिसी : ते बाबांना विचारायला हवं.

फिनाऊ : सेमिसी, आत्यांना सांग, होडी मी पहाटेच ओढून वर घेतलीय. मला माहीत होतं या पोराच्या खिशात काय आहे ते. हा दिवस सरळ जाणार नव्हता.

लोसालिने : त्याला सांग, एवढं कळत होतं तर मला शनिवारीच निरोप द्यायचा.

फिनाऊ : त्यांना सांग, मलाही धीर झाला नाही.

लोसालिने : बाप तसा लेक. चल, ऊठ, लॅपटॉप दोन पिशव्यांत घाल, वर माझं मेणकापड गुंडाळ.

सेमिसी : आणि तुम्ही, आत्या? तुम्ही पण चला वर. इथे पाणी येणार.

लोसालिने : येतेच की. ती प्रत माझी आहे, तू नुसता हमाल. पण ट्रकात पुढे एकच बाक आहे.

सेमिसी : मी मध्ये बसतो. एका बाजूला बाबा, एका बाजूला तुम्ही.

फिनाऊ : सेमिसी, सांग त्यांना, मी पूर्ण वेळ रस्त्याकडेच बघेन.

लोसालिने : ड्रायव्हरनं तेच करावं अशी माझीही इच्छा आहे. जा रे, आधी लॅपटॉप ठेवून ये, मग मला न्यायला ताडपत्री घेऊन ये. आणि पळताना पडू नकोस. पडलास तर लॅपटॉप वर धर.

(सेमिसी लॅपटॉप छातीशी धरून पावसात ट्रककडे पळतो. खोलीत लोसालिने उरते. खिडकीबाहेर फिनाऊ, समुद्राकडे तोंड करून. ट्रकात चढवायचं राहिलेलं डुकराचं पिल्लू त्याच्या काखेत वळवळतंय.)

फिनाऊ : काय रे डुकरा. पोरगा गेला. आता निरोप कोण पोचवणार?

(लोसालिने आपल्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढते.)

फिनाऊ : डुकरा, त्यांना सांग, ट्रकची पायरी निसरडी आहे. दाराची कडी धरून चढायचं.

लोसालिने : डुकरा, त्याला सांग, कळलं.

फिनाऊ : आणि सांग, पोरानं ‘नाही’ म्हटलं ते मनाला लावून घेऊ नका. घरी तो आम्हालाही कधी म्हणत नाही. मी तर पहिल्यांदाच ऐकलं. आवाज चांगला आहे त्याचा.

लोसालिने : डुकरा, त्याला सांग, मनाला लागलंय. बरं वाटतंय, असं सांग.

फिनाऊ : हं.

लोसालिने : आणि डुकरा, आणखी एक विचार त्याला. बहिणीनं भावाला विचारू नये असं आहे, म्हणून तू विचार. सकाळची गोळी घेतली का? पांढरी नव्हे, पिवळी. छातीची.

फिनाऊ : डुकरा, पाऊस वाढला बघ.

लोसालिने : मी उत्तराची वाट बघतेय म्हणावं.

फिनाऊ : डुक्कर म्हणतंय, खिशात आहे. आत्ता घेतो.