ही मूठ माजी नाय

—नाय, नाय रे बाबा, ही मूठ माजी नाय. आधी तो कोयता खाली ठेव, मंग बोल. आणि उंबऱ्यात बसू नको, इकडं ओटीवर बस. हात बघू. सोड तो फडका, मी काय खात नाय तुजा हात. अंगठ्याच्या मुळाशी लागलंय व्हय? बोट हालव. हालतंय की. मंग एवढ्या मोठ्यानं बोलायचं काम नाय— बघ, शेजारची बयाबाई दारात येऊन उभी राहिली. राहू दे उभी. तिच्या देखत सांगते, रंगूबाईच्या हातची मूठ धा पावसाळे काढते. लाकूड फुगतं, लाकूड तडकतं, माजी मूठ नाय तडकत. चुलीवरच्या फळीत तर नव्हतास ना खोचत कोयता? राळ हाय ती, धगीला मऊ पडते, हे मी प्रत्येकाला सांगते. तुला सांगितलं नसेल, कारण तू माज्याकडनं घेतलीच नायस.

कुठं घेतलीस? दासगावात. बघ— मी काय म्हणत होते? आणि देणारा डोळ्यांनी अधू, वस्तू नाकाशी नेऊन बघणारा, व्हय ना? तो कुशाबा, माजा धाकटा भाऊ. मीच शिकवला. करायच्या त्यानं, नाव सांगायचं रंगूबाईचं, नि लोकांची बोलणी खायची मी. माज्या मालकांनी आणलं रे हे काम, कुशाबानं नाय. मालक मुंबयला गिरणीत होते, मोडकी यंत्रं दुरुस्त करतात त्या खात्यात. सहा महिने गिरण्या बंद पडल्या त्या साली घरी आले, तर धोतरात गुंडाळून काय आणलं? एक फुटकं चाक. दात्यांचं चाक, पण लोखंडाचं नाय— कापडाचं. थरावर थर, कसल्याशा चिकानं सांधलेले, विलायतेहून यायचं म्हणं, यंत्रात आवाज करायचं नाय म्हणून. लोकांचे नवरे पत्र्याच्या पेट्या आणतात, ह्यांनी फुटकं चाक आणलं. दोन दिस मी बोलले नाय. तर हे म्हणतात, सावित्रीतल्या होड्यांच्या भेगा राळेनं बुजवतात, ती राळ कापडाला का नाय धरणार? सारा पावसाळा त्यात गेला. पहिल्या मुठी पापडासारख्या मोडल्या. मालक गेले तवा चार मुठी पाट्याखाली दाबलेल्या होत्या. तेरावा झाल्यावर मी त्या सोडवल्या. चारी चांगल्या निघाल्या. त्यातली एक अजून माज्या विळ्याला हाय, ती बघ, तिथं टांगलीय— हात लावू नको, लांबून बघ.

आता ऐक, मूठ कशी करतात ते ऐक, म्हणजे परत कुणाच्या दारात जाऊन भांडायच्या आधी तुला कळंल. कपडा जुना पायजे. जुना म्हणजे किती? धुऊन धुऊन त्यातनं पलीकडचा उजेड दिसायला पायजे इतका. नवा चालत नाय. का नाय चालत? नव्याला गिरणीची खळ असते, आणि खळ राळेला आत घेत नाय. राळ वरच्या वर बसते, दिसायला झकास, आणि एक दिस तुज्यासारख्याच्या हातात उकलते. म्हणून कपडा राखेच्या पाण्यात दोनदा उकळायचा, उन्हात टाकायचा, वीतभर पट्ट्या करायच्या. राळ मंद विस्तवावर, तिच्यात लाख, नि जवसाचं तेल बेतानं— कमी पडलं तर मूठ तडकते, जास्ती झालं तर जन्मभर चिकटते. मंग एक थर उभा, एक आडवा, एक उभा, एक आडवा, चाळीस थर. दोन फळ्यांत घालून पाचरा ठोकायच्या, वर पाटा, आणि तीन महिने तिकडं बघायचं नाय. मंग कानशीनं घासायची. आणि तुमी येता एका सकाळी बोट कापून नि म्हणता, रंगूबाई, तुजी मूठ फसवी. फसवी तुजी— जाऊ दे. कुठल्या वाडीचा तू?

पोलादपूरच्या वरची? बनुबाईच्या वाडीतला?

हं. म्हणजे तुला ठाव हाय मी कोण ते. आणि मघापासनं गप बसलास. तिथं माजी पोरगी दिलीय, तुळसा, बनुबाईची सून. नाव काढू नको तिचं माज्या ओटीवर. मी काढलं? मी काढीन, माजी ओटी हाय. दोन वर्सं झाली, ह्या घरात कुणी तिचं नाव घेत नाय, बयाबाईला विचार. पहिलं बाळंतपण कुठं असतं रे? आयकडं असतं. भिकारणीची पोरगी पण पहिलटकरीण आयच्या दारात येते. मी बाजेला नवा काथ्या भरून घेतला, डिंक आणून ठेवला, हळीव आणून ठेवले, सुईणीला सांगून ठेवलं— आणि ती आली नाय. निरोप काय, तर ‘मी हितंच बरी हाय.’ सगळं गाव मला विचारतंय, रंगूबाई, लेक कधी आणणार? काय सांगू? पोरगा झाला तो पण मला बाजारात परक्या माणसानं सांगितला. दोन वर्साचा झाला असेल आता. चालतो? बोलतो पण? सांगू नको. मला ऐकायचं नाय.

राग कसला म्हणं तिला? लग्नाच्या आधीपासनं एकच रडगाणं— ‘आये, तुज्या घरात कपडा अंगावर कमी नि राळेत जास्ती.’ सासरी जाताना पण बोलली, चार बायकांत. मी गिळलं. बाप नसलेली पोर म्हणून गिळलं. आणि सातवा लागला तवा मी महाडच्या बाजारात जाऊन ओटीभरणाचं लुगडं घेतलं. हिरवं, लाल रुईफुली काठाचं, नवं कोरं. तसलं लुगडं मी जन्मात नेसले नाय. आता मी रांडमुंड बाई, मी ओटी कशी भरणार, मी तर त्या लुगड्याला हात पण लावला नाय. बयाबाईनं घडी केली, बयाबाईनं काठाला हळदीचं बोट लावलं, गाठ पण तिनंच मारली. वाटेत दृष्ट लागू नये म्हणून वरनं जुन्या पासोडीत गुंडाळलं. महिपत गाडीवान वर जायचा होता, तो घेऊन गेला. आणि पोचतं केलं म्हणून येऊन सांगितलं त्यानं. त्या लुगड्याला जागली नाय ती. एक शब्द नाय— आय, मिळालं; आय, आवडलं; काय पण नाय.

काय म्हणलास?

परत बोल. खाली बघू नको, माज्याकडं बघून बोल. चिंध्या? मी चिंध्या पाठवल्या? कोण म्हणतं? बनुबाई म्हणत असेल, तिची जीभ मला ठाव हाय. सगळी वाडी म्हणते? ओटीभरणाच्या दिशी चार बायकांत गाठोडं सोडलं नि आत धुतलेल्या चिंध्या निघाल्या— असं तुला तुज्या बायकोनं सांगितलं? ती तिथं होती? मंग तुजी बायको खोटं बोलते. मी पोटच्या पोरीला सातव्या महिन्यात चिंध्या पाठवीन? पोर जन्माला यायच्या आधी कुणी दुपट्याचा तुकडा घरात आणत नाय, अपशकुन असतो, एवढं मला कळत नाय? घेऊन ये तुज्या बायकोला. घेऊन ये बनुबाईला. ह्या ओटीवर उभं राहून म्हणू देत. लोकांना दुसऱ्याच्या पोरीचं आणि आयचं फाटलेलं बघायला बरं वाटतं, वर आणखी ओढतात. बस, बस खाली, उठू नको. तुजं काम नको का करायला? तुजी मूठ बघते. बघते आणि तुला दाखवते कुशाबानं काय घाण करून ठेवलीय ती, म्हणजे निदान एका गोष्टीत तरी मी खोटी नाय हे जाऊन सांगशील.

दे तो चाकू. हे बघ, नुसतं टोक घातलं नि सुटली. माजी असती तर चाकू मोडला असता. वरचे दोन थर त्याच्या जुन्या पंच्याचे. हे बरे धरलेत. आणि खाली? हे बघ पांढरं, पिठासारखं— हीच खळ. नवा कपडा घातलाय मेल्यानं. तरी म्हणलं उकलली कशी. त्याला कपडा मीच धाडते. मागं त्यानं निरोप धाडला होता, ताई, तुज्या चिंध्या फार विरल्यात, जरा बरा कपडा धाड. मी म्हणलं, विरलेलाच पायजे, आंधळ्या. आणि मी जुनाच धाडला होता, चांगला राखेत उकळून, गाठोडं बांधून, दासगावच्या पांडूच्या हाती. हा नवा कुठनं आणला ह्यानं? हिरवा. हिरवा, आणि हा बघ काठ पण—

थांब.

बोलू नको.

बयाबाई, गो बयाबाई, इकडं ये. हे बघ. नाय, उजेडात ये. राळेखाली बघ, कोपऱ्यात, काठाच्या आत. काय दिसतंय? पिवळं. हळदीचं बोट हाय ते. तुजं बोट हाय, बयाबाई. तूच लावलं होतंस.

दोन गाठोडी होती. एकाच पासोडीचे दोन तुकडे, दोन्ही मीच फाडले. एक महिपत न्यायचा होता, एक पांडू. दोन्ही हितंच होती, तू बसलायस तिथं. मी दाराच्या आड उभी होते— माजी सावली नको त्या लुगड्यावर म्हणून. महिपत बाहेरनं म्हणाला, रंगूबाई, कुठलं नेऊ? मी आतनं म्हणलं, ओटीवर हाय ते ने. बाहेर येऊन बघितलं नाय. बघायचंच नाय असं ठरवलं होतं. महिपत म्हणाला पोचलं, पांडू म्हणाला पोचलं, दोघं पण खरं बोलले. आणि कुशाबाला वाटलं, ताईनं ऐकलं माजं, बरा कपडा धाडला. तो काय विचारणार? तो कधी काय विचारत नाय. आणि माजी पोर— चार बायकांत— ‘कपडा अंगावर कमी नि राळेत जास्ती’— ती बोलली होती ना, आणि तिला वाटलं आयनं त्याचं उत्तर धाडलं.

दोन वर्सं मी तिला शिव्या घातल्या रे. देवापुढं बसून घातल्या.

तू कशाला डोळे पुसतोस? हात कापलाय तो बघ. एक सांग, तुला ठाव असेल तर. त्या चिंध्यांचं काय केलं तिनं? चुलीत घातल्या? नाय घातल्या? परत गाठ मारून फळीवर ठेवल्यात— कुणाला हात लावू देत नाय— आय दारात आली की तिच्या तोंडावर टाकीन म्हणते.

माजीच हाय ती. माज्यावरच गेलीय.

ऊठ. ही मूठ हितं राहू दे, ती माजी हाय. तुज्या कोयत्याला तो माजा विळा उतरून त्याची मूठ काढून घे, मालकांच्या हातची हाय, तुज्या नातवापर्यंत पुरंल. घे म्हणलं ना. बयाबाई, माज्या गाईला पाणी दाखव सांजेला, मी परतले नाय तर उद्याला पण दाखव. ऊन चढायच्या आत मला पोलादपूरची वाट धरायचीय. नाय, तू सोबत येऊ नको, आणि माज्या आधी जाऊन काय सांगू पण नको. एक अक्षर नको. ते गाठोडं आधी माज्या तोंडावर बसू दे. चल, हो बाजूला, दार ओढायचंय मला.