वावर बाचं, मोह जमलीचा

काय सांगू तुमले, त्या नव्या गावात जन्मलेलं पह्यलं पोर मी. गाव तरी कसलं, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी सात झोपड्या. मना बा गिरणाकाठचा, भावाशी भांडण होऊन वावर हातचं गेलं, अन् तेवढ्यात सरकार रान मोडाले जमीन देऊन राहिलं असं कानावर आलं, तं बायको, दोन बैल अन् कुऱ्हाड घेऊन निघाला, संगं आणखी सहा घरं. साहेब आला, साखळी टाकून मोजलं, म्हणाला हे तुमचं. आधी कोणाचं होतं ते कोणीच विचारलं नाही. मी विचारलं, पण पाच-सहा वर्साच्या पोरीले कोण सांगतं? मले काब्र काब्र करायची लई खोड, काब्र म्हणजे का, आमच्याकडं तसंच म्हणतात. बा वैतागून म्हणायचा, हाई पोरगी शे का फौजदार.

तं वावरात मधोमध एक मोहाचं झाड होतं. बाकीची बठ्ठी झाडं तोडली, हे एवढं बैलांच्या सावलीसाठी ठेवलं. चैतात एक दिवस सकाळी पाहतो तं झाडाखाली धूर, अन् एक पावरी, तिथल्या रानातल्या आदिवासींतली बाई पाला झाडून झाडून पेटवून राहिली. बा काठी घेऊन धावला, म्हणे वावर जाळते, काहीतरी करणी करते. आम्ही खालचे, नदीकाठचे लोक, आम्हाले काय माहीत की खालचा पाला जाळून जागा साफ केली नाही तं मोहाची फुलं त्या पाल्यातच हरवतात. हाकललं तिले. मंग फुलं पडाले लागली, तं तिनंच साफ केलेल्या जागेवर मी अन् माय पाट्या भरभरून वेचाले लागलो, अर्धी वाळवली, अर्धी बैलांले घातली. बा म्हणायचा, वावर मनं शे, तं झाड बी मनंच, दुसऱ्या कोणाचं नाही.

ती बाई, जमली तिचं नाव, भांडली नाही. रोज यायची, बांधावर बसायची, आम्ही वेचतो ते पाहायची. मी गेले विचारायले, काब्र बसते इथं? तिची बोली मले अर्धीच समजायची, पण समजलं ते असं, की त्यांच्यात भाऊ वेगळे झाले की झाडंही वाटतात, जमीन मंग कोणी का करेना. सासऱ्यानं तिच्या नवऱ्याले दोन मोह दिले होते, नवरा गेला, एक झाड आम्ही तोडलं, हे राहिलं. आखाडात घरातलं दाणं संपतं तवा ती वाळलेला मोह उकडून खायची. मी म्हटलं, अन् मोह नसला तं? ती म्हणाली, नसला तं नसला.

वैशाखात बाले तिचं बसणं सहन होईना. म्हणे रोजची कटकट, झाडच नको, अन् कुऱ्हाडीले धार लावत बसला. त्याच आठवड्यात गिरणाकाठून काकानं आंब्याची पाटी पाठवलेली. वर्साले यायची, आजानं वाटणीत बाले दिलेलं झाड ते, काकानं वावर घेतलं तरी त्या झाडाचे आंबे बाच्याकडेच यायचे. मी आंबा चोखत विचारलं, बा, वावर तं काकाचं शे, मंग आंबे काब्र येतस आपलाकडे?

बानं मले एक थोबाडीत मारली. आंबा पडला हातातला. माय मधी आली, म्हणाली पोरीले काब्र मारता, तिनं काय खोटं इचारलं? बानं कुऱ्हाड उचलली अन् छपराले खोचली. दुसऱ्या दिवशी मायनं उरलेला मोह बांधून मना हाती जमलीकडे पाठवला. बा तिले कधी काही बोलला नाही, पण पुढच्या चैतात ती झाडू घेऊन आली तवा त्यानं बैल दुसऱ्या अंगाले वळवले. तवापासून दरसाल मी तिच्यासंगं झाडायले लागले. लगीन झालं, सासर यावलकडं, तरी चैतात माहेरी येणारच.

मंग बा गेला, वावर भावांत वाटलं. पोरीले काय, काहीच नाही, रीतच तशी. वाईट वाटलं, खोटं कशाले बोलू. जमली म्हातारी झाली, पोरबाळ नाही, गेल्या साली आजारी पडली तवा तिनं तिची माणसं बोलावली, मना भाऊ बी बोलावले, अन् सांगितलं, मना मागं हा मोह त्या पोरीचा. भाऊ हसाले लागले. तिची माणसं हसली नाहीत, तं मंग तेही गप झाले.

मले निरोप मिळाला, मी पोहोचले, तं ती गेलेली. जनमभर तिले बठ्ठं विचारलं, पण मलेच काब्र दिलं ते विचारायचं राहून गेलं. तिचं रान आम्ही घेतलं, अन् उरलेलं एक झाड तिनं आमच्याच पोरीले दिलं. तिची भाचसून आली होती परवा, लाजत लाजत म्हणाली, अक्का, मी वेचू का? म्हटलं, विचारतेस काय बाई, सकाळी ये, अर्धी जागा तू झाड, अर्धी मी झाडते.