बापूजीच्या व्हिडिओले मी हात नाही लावला!

…नाही, पण मले एक सांगा, ओके दाबणं म्हणजे हात लावणं होते का? होते का जी? वर्षभरापासून कॉम्प्युटरवर एक पिवळी पट्टी येऊन राहिली, इंग्रजीत लंबंचवडं काहीतरी लिहिलेलं, आणि खाली बटन एकच, ओके! दुसरं बटनच नाही! मग माणूस काय करन? ओकेच दाबन न? मी दाबलं. जवा जवा आली तवा दाबलं. अडतीस वर्षं मास्तरकी केली, वरून आलेला कागद न वाचता सही ठोकायची सवय, म्हटलं पाठवणाऱ्याचं समाधान होऊन जाऊ दे… पण तुम्हाले सांगतो, बापूजीच्या व्हिडिओले मी हात नाही लावला!

बापूजी म्हणजे माझे सासरे, सावरगावचे संत्र्याचे बागाईतदार. जाऊन सहा वर्षं झाली. आता माझं घर पांढुर्ण्याले, सासुरवाडी सावरगावची, मधात फक्त जाम नदी, म्हणजे समजलंच तुम्हाले! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीवरून एकमेकायले दगड मारते, तिले गोटमार म्हणते. बाकीच्यायले त्या एका दिवशी तिकडून दगड येते, मले बारा महिने. त्यात बापूजीचा आवाज असा, का बागेत हाक मारली का इकडे पांढुर्ण्यात मी चप्पल शोधायचो! एवढं भेव. अजूनही आहे. माणूस गेला, भेव इथंच ठेवून गेला.

तर चौदा वर्षांआधी आमचा साळा प्रफुल्ल, तो पुण्याले कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यानं बापूजीचा व्हिडिओ काढला. संत्र्याची कलम कशी बांधायची ते बापूजी दाखवून राहिले, हातात चाकू, "हे पाहा, असा काप घ्या, असा डोळा बसवा…" बस, दोन मिनिटं. प्रफुल्लनं घराच्या नावाची वेबसाइट बनवली आणि तिच्यावर टाकून दिला. चालता-बोलता बापूजी तेवढाच! बाकी सारे फोटो, आणि फोटोतही रागावलेले.

आता दर पोळ्याले काय होते, बैल पुजून झाले का माझी सासू, देवकाबाई, पूल ओलांडून सारं खटलं घेऊन आमच्या घरी येते आणि कॉम्प्युटरसमोर बसते. आणि तुम्हाले सांगतो, बापूजी पडद्यावर यायच्या आधी ती डोक्यावरचा पदर पुढं ओढते! पंच्याऐंशी वर्षांची बाई जी! मग बापूजी बोलते, ती मान हलवते, दोन मिनिटं होते, ती हात जोडून उठते. मग वर्षभर नाव नाही काढत.

औंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी मी म्हटलं, चालते का नाही पाहून तर घेऊ. लावला… तर पडदा काळा! ठार काळा! आणि त्या काळ्यातून बापूजीचा आवाज, "हे पाहा…!" आई गं! मी खुर्चीसकट मागं! तोंडातून आपसूकच निघालं, "बापूजी, मी हात नाही लावला!" सैपाकघरातून आमची जयश्री ओरडते, "कोणासोबत बोलून राहिले जी?" म्हटलं, "कोणी नाही, शेजारचे आले." "कोण शेजारचे?" आता काय सांगू बाप्पा, तुझा बाप आला म्हणू?

पांढुर्ण्यात कोणाले विचारायची सोय नाही, अर्ध्या घंट्यात खबर नदीपार! म्हणून बायकोले सांगितलं, जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले जातो, आणि निघालो सौंसरले, तिथं अभिजीतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पण मारुतीच्या नावानं खोटं बोललो न! म्हणून आधी खरंच जामसांवलीले जाऊन नारळ फोडला. दोन्हीकडून मार कायले खायचा?

अभिजीत म्हणते, "काका, घाबरू नका, व्हिडिओ गेला नाही. तो जुन्या तऱ्हेचा आहे, आणि ब्राउझरवाल्यायनं आता त्या तऱ्हेचे व्हिडिओ दाखवणं बंद केलं. आवाज चालते, चित्र नाही." म्हटलं, "काऊन बंद केलं?" "कोणी पाहत नाही न आता ते. आणि जुन्या दारातून चोर शिरते, म्हणून दारच बुजवून टाकलं." कोणी पाहत नाही? अरे, माझी सासू पाहते न! तिले विचारलं का कोणी? तर म्हणते कसा, "काका, त्यायनं वर्षभर इशारा दिला होता. पिवळी पट्टी नाही आली का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "पट्टी? कोणती पट्टी?"

पाणी मागून प्यालो दोन गिलास. मग तो म्हणते, मूळ पुरा व्हिडिओ कोणाजवळ असन तर त्याच्यावरून नव्या तऱ्हेचा बनते. कोणाजवळ? प्रफुल्लजवळ! म्हणजे फिरून फिरून सावरगावच! लावला फोन, आणि त्याचा पहिला प्रश्न, "जिजाजी, तुम्ही काही दाबलं का?" हॅलो नाही, राम राम नाही! म्हटलं, "मी हात नाही लावला!" "बरं, पाहतो. जुन्या डिस्कमध्ये असन तर."

असन तर! आता ह्या 'असन तर'वर माणसानं सात दिवस काढायचे? झोपेचं खोबरं झालं. जयश्री म्हणे, "दर्शन करून आल्यापासून तुमचं ध्यान कुठं आहे?" खरं सांगू का, मले दगडाचं भेव नव्हतं जी. साळ्याचं नव्हतं, बायकोचं… तेही थोडंच. मले भेव त्या पदराचं होतं. म्हातारी येईन, बसन, पदर पुढं ओढन, आणि समोर काळं. मग ती बाई पदर मागं कशी घेईन? तुम्हीच सांगा, मी तिच्याकडे कसा पाहू?

पोळ्याच्या सकाळी प्रफुल्लचा फोन. "जिजाजी, सापडला! नवा करून पाठवला. आणि हा पुरा चार मिनिटांचा आहे, तवा साइटवर जागा नव्हती म्हणून अर्धाच टाकला होता." म्हटलं, "बावा, हा नवा किती दिवस चालन?" "सध्या तर चालते, जिजाजी." सध्या! ऐकलं न तुम्ही? सध्या!

संध्याकाळी सारे आले, बसले. देवकाबाईनं पदर ओढला. मी मनातल्या मनात मारुती मारुती करत लावला… आणि आले बापूजी! स्वच्छ! अगदी मिशीचा केस न केस! "असा काप घ्या, असा डोळा बसवा…" दोन मिनिटं झाली, म्हातारीनं हात जोडले, उठाले लागली, तर बापूजी थांबेचनात! "आता ही पट्टी बांधा…" ती तशीच खाली बसली. आणि तेवढ्यात, तुम्हाले सांगतो, पडद्यात बाजूनं एक हात आला, पट्टी धराले. हातात घड्याळ. माझं घड्याळ! त्या दिवशी मीही बाजूले उभा होतो, विसरूनच गेलो होतो जी! आणि बापूजीनं चाकू खाली ठेवला, मान वर केली, माझ्याकडे बोट रोखलं आणि गरजले, "जवाईबापू, तुम्ही हात नका लावू! तुम्ही हात लावला का बिघडलंच समजा!"

सारं सावरगाव माझ्याकडे वळलं. जयश्री म्हणते, "तरीच म्हटलं, ते कलमाचं झाड काऊन वाळलं!" मले तर वाटलं आता पिवळ्या पट्टीचंही सांगते बापूजी!

आणि म्हातारी… म्हातारी हसून राहिली हो. पदराआड, खांदे हलवून हलवून, डोळ्याले पाणी. सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं मी तिले हसताना. हसता हसता म्हणते, "जवाईबापू, अजून एक डाव दाखवा न!"

माझा हात अर्ध्यात गेला, आणि तिथंच थांबला. व्हिडिओ संपून समोर बापूजी तसेच थांबलेले, माझ्याकडे बोट करून.

म्हटलं, "जयश्री, तूच ये बाई. मले मनाई आहे."