मशीन लिहिते, तं पोरगा काय करते?

अबे, कोड लिहायच्या एडिटरपायी माह्यं लग्न मोडता मोडता राह्यलं! मी घरूनच कंप्युटरचं काम करतो. बाभुळगावहून मुलीचे वडील घर पाहाले आलते. एडिटरात म्या एक स्क्रिप्ट टाकलती, दोन अक्षरं दाबली का अख्खं पान आपोआप उमटे. ते मागं उभे.

"तुमी तं हात काढला. मंग लिहून कोन राह्यलं?"

"म्याच शिकवलं त्याले, काकाजी."

"हे हॅकिंग-बिकिंग, पोलिसाची भानगड तं नाही न?"

"नाही जी!"

चहा तसाच ठेवून उठले. संध्याकाळी मुलीचाच फोन.

"बाबा म्हणतात, सारं मशीनच करते, तं पोरगा करते काय?"

"मंग?"

"म्या म्हटलं, तुमीबी तं सारं आईकडूनच करून घेता!"

मागून तिच्या आईचं हसू ऐकू आलं. तिथंच जमलं आपलं.